हिंडण्याची मुभा आणि पडद्यावरील एस. टी.

पिंपळगाव बसवंतच्या बसस्थानकावर शाळा-महाविद्यालये सुटण्याच्या सुमारास जो कोणी थोडा वेळ उभा राहील, त्याच्या नजरेस एक मौजेची गोष्ट पडावी. आपल्या गावाकडे जाणाऱ्या एस. टी.ची वाट पाहून ताटकळलेली काही मुले हातातील मोबाइलवर एस. टी.च चालवीत असतात. फलाटावर गाडी लागलेली नसते. पडद्यावर मात्र तोच लाल रंग, तीच पाटी आणि तोच परिचित चेहरामोहरा घेऊन ती धावत असते. आजूबाजूची झाडी व घरे तेवढी नाशिक जिल्ह्यातील नसतात. ती असतात इंडोनेशियातील. तेथील मालेओ नावाच्या कंपनीने २०१७ साली काढलेला ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा तो खेळ होय. गाडीला आपल्या पसंतीचे रंगरूप देण्याची सोय त्यात असल्यामुळे महाराष्ट्रातील हौशी तरुणांनी लालपरी, शिवशाही अशी रूपे स्वतः तयार केली आणि एकमेकांना वाटली. इंडोनेशियातही वाहने आपल्याप्रमाणे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे आपली एस. टी. सातासमुद्रापलीकडच्या रस्त्यांवर बिनतक्रार रुळली, आणि निफाड तालुक्यातील मुलगा संध्याकाळी अर्धा तास नारळीच्या बनांतून गाडी हाकू लागला.

या खेळात शत्रू नाही. बंदूक नाही, पाठलाग नाही, कोणाचा जीव घ्यावयाचा नाही व स्वतःचा वाचवावयाचाही नाही. प्रवासी घ्यावेत, त्यांना ठरल्या ठिकाणी उतरवावे. किंवा तेही न करता रिकामी गाडी घेऊन मन मानेल तिकडे जावे. फार झाले तर गाडी रस्त्याच्या कडेला घसरते आणि खेळणारा ती पुन्हा वर घेतो. जावा बेटावर शाळकरी मुलांनी रस्त्याकडेला उभे राहून बसचालकाला सुरेल भोंगा वाजविण्याची गळ घालावी, हे वेड २०१६ च्या अखेरीस जगभर गाजले होते. ‘ओम तेलोलेत ओम’, म्हणजे ‘काका, भोंगा वाजवा’, अशी त्यांची हाक. तो भोंगाही या खेळात आहे. आग्रा रोडवरून जाणाऱ्या मालमोटारींचे सूर ऐकत मोठ्या झालेल्या मुलाला त्यातील गंमत कळण्यासाठी दुभाष्याची आवश्यकता नाही.

तथापि घरातील वडीलधाऱ्यांच्या लेखी हा खेळ आणि गोळीबाराचा खेळ यांत अंतर नसते. ‘मोबाइलवर खेळतो’ एवढ्या एकाच वाक्यात दोहोंचा निकाल लागतो. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पबजी’सह ११८ ॲपवर बंदी घातली, तेव्हा अनेक पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, त्या बंदीचे कारण राष्ट्रीय सुरक्षेचे होते, मुलांच्या अभ्यासाचे नव्हे, याकडे लक्ष देण्याची त्यांना गरज वाटली नाही. वस्तुतः खेळाखेळांत भेद करावयास आता कायदाही शिकला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने पैसे लावण्याचे खेळ, ई-क्रीडा आणि सामाजिक खेळ असे वेगवेगळे वर्ग पाडले, पहिल्यास मनाई केली व उरलेल्या दोहोंना उत्तेजन देण्याचे ठरविले. संसदेला जो विवेक करता आला, तो घराघरांत अद्याप होत नाही. मुलगा काय खेळतो हे न पाहता तो किती वेळ खेळतो एवढेच पाहिले जाते. किती वेळ हा प्रश्न खोटा आहे असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर आसक्तीची गणना आजारांच्या यादीत केली असून ती यादी २०२२ पासून अमलात आली आहे. परंतु दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय पहिल्याचे उत्तर अपुरेच राहणार.

तो दुसरा प्रश्न असा, की ज्यात जिंकावयाचे काही नाही आणि हरावयाचेही नाही, अशा खेळात एवढी ओढ कशाची?

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न दहा-पंधरा वर्षांपूर्वीच उपस्थित झाला. ‘डिअर एस्थर’ नावाचा खेळ २०१२ साली विक्रीस आला. एका ओसाड बेटावर चालत राहावे आणि मधून मधून कानी पडणारे पत्रांचे तुकडे ऐकावे, एवढाच त्यातील व्यवहार. मुरलेल्या खेळाडूंनी अशा कृतींना ‘चालण्याचे यंत्र’ अशा अर्थाचे कुत्सित नाव ठेवले. पुढे ते नावच रूढ झाले आणि त्यातील कुत्सितपणा झडून गेला. त्याच वर्षी आलेल्या ‘जर्नी’ या अमेरिकन खेळात वाळवंट तुडवीत एका डोंगराकडे जावयाचे असते. वाटेत दुसरा कोणी खेळाडू भेटला तर त्याचे नाव कळत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. एक मंजुळ स्वर तेवढा काढता येतो. एवढ्या तुटपुंज्या परिचयावर दोघे परके शेवटपर्यंत बरोबर चालतात. वारीतील वाटचाल ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटू नये. २०१९ सालचा ‘अ शॉर्ट हाइक’ हा एका कॅनेडियन तरुणाने केलेला छोटा खेळ तर आपल्या डोंगराळ तालुक्यांतील कोणालाही चटकन समजावा. एका लहानग्या पक्षिणीला एका महत्त्वाच्या फोनची प्रतीक्षा आहे आणि बेटावर कोठेच रेंज नाही. ती मिळेल फक्त शिखरावर. म्हणून ती चढू लागते. चढता चढता ती मासे धरते, कोणाची हरवलेली वस्तू शोधून देते, वाट सोडून भलतीकडे जाते, आणि खेळणाऱ्याला फोनचा विसर पडतो. दोन तासांत संपणारा खेळ लोक मुद्दाम लांबवितात.

शिक्षकांनी ध्यानी घ्यावे असे उदाहरण मात्र आणखी एक आहे. ‘असॅसिन्स क्रीड’ ही खूनबाजीवर आधारलेली प्रसिद्ध खेळमालिका. तिच्यातील एका खेळासाठी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने टॉलेमी राजांच्या काळातील इजिप्त मोठ्या कसोशीने उभे केले होते. २०१८ च्या फेब्रुवारीत त्याच कंपनीने त्यातील सारी मारामारी काढून टाकली आणि उरलेला देश नुसता हिंडण्यासाठी खुला केला. अलेक्झांड्रियाचे रस्ते, नाईलचे काठ, पिरॅमिडचे अंतरंग यांतून जाणकारांनी आखलेल्या सहली त्यात आहेत. मारामारी वगळल्यावर खेळ फिका पडेल ही भीती निराधार ठरली. उलट तो वर्गात दाखविण्याजोगा झाला. म्हणजे मुलांना खिळवून ठेवणारी गोष्ट तलवार हीच होती, असे खात्रीने म्हणता येत नाही. पुष्कळ अंशी ती त्या प्रदेशाची मोहिनी होती, आणि तलवार ही तेथे प्रवेश मिळविण्याची जकात होती.

रॉजर केय्वा या फ्रेंच विचारवंताने १९५८ च्या आपल्या ग्रंथात खेळांचे चार प्रकार सांगितले: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. कबड्डी पहिल्यात, सारीपाटाचे दान दुसऱ्यात, भातुकली तिसऱ्यात आणि जत्रेतील पाळणा चौथ्यात. हिंडण्याला या चौकटीत नीटशी जागा सापडत नाही. ती भातुकलीच्या सर्वांत जवळ पडते असे म्हणावे लागेल. भातुकलीत कोण जिंकले असे आजवर कोणी विचारलेले नाही. सायकलचा जुना टायर काठीने हाकीत गावभर धावणारा मुलगाही कोणाशी शर्यत लावीत नसे. तोंडाने मोटारीचा आवाज काढीत तो मारुतीच्या पारापासून नदीपर्यंत जाई आणि परत येई. तोंडाने भोंगा वाजविणारा तो मुलगा आणि पडद्यावर लालपरी चालविणारा आजचा त्याचा नातू यांच्यात अंतर आहे ते साधनाचे. इच्छा तीच आहे.

मात्र या इच्छेला आपल्या समाजात सहसा बरे नाव मिळालेले नाही. भटक्या, उनाड, उंडगा, गावभर फिरणारा हे शब्द शाळेच्या प्रगतिपुस्तकावर नसले तरी घरात रोज वापरात असतात. स्त्रीलिंगात तर त्यांना याहून वाईट अर्थ चिकटतो. दुसऱ्या बाजूस, भ्रमंतीचा वारसा या भूमीइतका क्वचितच कोठे असेल. चक्रधरस्वामी जेथे जेथे थांबले त्या स्थानांची नोंद ठेवणारी एक स्वतंत्र पोथीच महानुभावांनी केली. नर्मदेच्या परिक्रमेतून गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आली. श्रावणातील सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची फेरी करणारे हजारो लोक, चैत्रात वणीच्या गडाकडे पायी निघालेले भाविक, हे सारे काही जिंकावयास निघालेले नसतात. म्हणजे हिंडणे आपल्याला मान्य आहे, परंतु त्याला देवाची चिठ्ठी लागते. देव नसेल तर निदान काम हवे: बाजार, दवाखाना, लग्नपत्रिका वाटणे. विनाकारण हिंडण्याला कोणाची परवानगी नाही, आणि मुलांना नेमके तेच हवे असते.

पिंपळगावच्या मुलाच्या वाट्याला येणारा दिवस या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गावाला खेटून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. त्यावरून रात्रंदिवस वाहणाऱ्या रहदारीत सायकल घालू देण्यास कोणतेही घर सहजी तयार होणार नाही, आणि ते योग्यच आहे. शिवारात जावे तर द्राक्षबागांना कुंपणे आहेत. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी बहार छाटणी, मधल्या फवारण्या आणि वर्षारंभी सुरू होणारी काढणी, अशा वेळापत्रकात बाग ही कामाची जागा झाली आहे. तेथे मुलाने रमत गमत फिरावे असे तिचे स्वरूप राहिलेले नाही. फवारणीच्या दिवसांत तर ते घातकच. उसाच्या फडात बिबट्याची भीती असते. निफाड तालुक्यात ती काल्पनिक नाही. काढणीचा हंगाम ऐन भरात असतो तेव्हाच शालान्त परीक्षा येतात. शाळेनंतर शिकवणी आणि शिकवणीनंतर घर, हा क्रम दहावीपासून सुटत नाही. ज्यांचे आईबाप मजुरीला जातात त्या मुलांच्या क्रमात शिकवणीच्या जागी खुडणी वा लहान भावंडे असतात, इतकाच फरक.

मुलींचा विचार केला म्हणजे हे चित्र अधिक आवळत जाते. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली शाळेसाठी एस. टी.चा पास मोफत मिळतो. या एका कागदाने किती मुलींचे शिक्षण वाचले, याचे मोल कमी लेखता येणार नाही. पण त्या पासावर ठिकाणे दोनच असतात, गाव आणि शाळा. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस. टी.त निम्मे भाडे पडते. तरीही ‘कशाला चाललीस?’ या प्रश्नाचे भाडे पूर्ण भरावे लागते. भावाला संध्याकाळी चौकात तासभर उभे राहता येते. बहिणीला तेवढा वेळ चौकात उभे राहण्याचे कारण सांगावे लागेल, आणि कारण सांगून केलेले हिंडणे हे हिंडणे नव्हेच. अशा मुलीच्या हाती मोबाइल आला व त्यात एखादा मोकळा, भांडणतंट्याचा स्पर्श नसलेला प्रदेश सापडला, तर तेथे ती डोंगर चढेल, वाट सोडील, संध्याकाळ होईतो बसून राहील. आणि तिला कोणी हटकणार नाही. हटकणारे कोणी नसणे, हाच बहुधा त्या खेळाचा मुख्य आनंद असावा.

रॅचेल व स्टीफन कॅप्लन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याने १९८९ च्या ग्रंथात मांडले आहे, की सतत एकाग्रतेची सक्ती झालेल्या मनाला जो विसावा लागतो तो झोपेने सर्वस्वी मिळत नाही. सक्ती न करता लक्ष वेधणारे काहीतरी समोर असावे लागते. ढग, पाणी, हलणारी पाने ही त्यांची उदाहरणे. पडद्यावरील पाने या कामी कितपत पुरी पडतात हा वेगळा विषय. पण प्रत्येक तासाला गुण, क्रमांक आणि टक्केवारी मोजली जाणाऱ्या मुलाने गुण न देणाऱ्या खेळाकडे वळावे, यात विकृती शोधण्याचे कारण दिसत नाही. टाळेबंदीच्या प्रारंभी, २० मार्च २०२० रोजी, बेटावर घर बांधून फुले लावण्याचा ‘ॲनिमल क्रॉसिंग’ हा जपानी खेळ बाजारात आला आणि कोंडलेल्या जगाने तो डोक्यावर घेतला. कोंडलेला माणूस काय मागतो हे त्या वेळी सर्वांना कळले होते. टाळेबंदी उठली तशी ती जाणीवही उठून गेली. काहींची टाळेबंदी मात्र त्याआधीपासून होती व नंतरही राहिली.

या खेळांची आरती ओवाळण्याचा मात्र कोणी प्रयत्न करू नये. फुकट मिळणाऱ्या खेळात जाहिराती घुसतात आणि विसाव्याचा तो अर्धा तास कोणाच्या तरी विक्रीचा माल होतो. शिवाय यंत्रातील प्रदेश कितीही मोकळा भासला तरी त्यातील प्रत्येक वाट कोणीतरी आखून ठेवलेली असते. तेथे काटा रुतत नाही, तहान लागत नाही, वाटेत भेटलेला म्हातारा ‘कोणाचा तू?’ असे विचारीत नाही. लालपरी जावा बेटावर हाकणाऱ्या मुलाने त्याच तालुक्यातील नांदूरमधमेश्वरचा जलाशय पाहिलेला असेलच असे नाही. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील हे पाणथळ क्षेत्र २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. हिवाळ्यात तेथे दूरदेशीचे पक्षी येतात. हजारो मैलांवरून पक्ष्यांना जे ठिकाण सापडते ते तालुक्यातील विद्यार्थ्याला सापडू नये, याचा दोष मोबाइलवर ढकलून मोकळे होणे सोपे आहे. तेथवर जाणारी गाडी किती वाजता सुटते आणि परतीची मिळते काय, हा प्रश्न त्याहून अवघड आहे.

कारण खऱ्या एस. टी.ची कथा या सगळ्यात विसरता येत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, तेव्हापासून ग्रामीण महाराष्ट्राला जग दाखविण्याचे काम या लाल गाडीने केले. २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत तो रेंगाळला. कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी खरी होती व विद्यार्थ्यांची पायपीटही खरी होती. त्या महिन्यांत आगारांतील गाड्या धूळ खात उभ्या होत्या, आणि महाराष्ट्रभर मुलांच्या पडद्यावर लालपरी धावतच होती. टवाळीने असे म्हणता येईल, की महामंडळाची एकच सेवा त्या काळात अखंड राहिली आणि तीही इंडोनेशियात. परंतु ज्या वाहनावर मुलांचे एवढे प्रेम आहे, की त्यांनी ते कोणी न सांगता, विनामोबदला, पाटीवरच्या अक्षरांपर्यंत हुबेहूब उतरविले, ते वाहन त्यांच्या गावी दिवसातून किती वेळा जाते, हे महामंडळाने एकदा या मुलांच्या जागी बसून पाहावयास हवे.

गूगलने २०२२ च्या जुलैत आपल्या देशात रस्त्यांची चित्रे दाखविण्याची सोय सुरू केली, तेव्हा पहिल्या दहा शहरांत नाशिकचा समावेश होता. आता नाशिकचे रस्ते पिंपळगावात बसून पाहता येतात. पंचवटीचा घाट बोटाने पुढे सरकवीत नेता येतो. ही सोय चांगलीच आहे. पण नाशिक पिंपळगावपासून एस. टी.ने तासाभराच्या अंतरावर आहे, आणि घाटावर पाय सोडून बसण्याची सोय अजून कोणी केलेली नाही.

महामंडळाजवळ मात्र एक जुनी योजना आहे. १९८८ साली ती सुरू झाली आणि तिचे नावच मुळी ‘आवडेल तेथे प्रवास’ असे आहे. ठरावीक रक्कम भरून चार किंवा सात दिवसांचा पास काढावा, आणि तेवढे दिवस राज्यात कोठेही गाडीत बसून, कोठेही उतरावे. मुलांना तो कमी दरात मिळतो. परदेशी कंपन्या ज्याची एवढी जाहिरात करतात त्या मोकळ्या जगाची याहून नेमकी व्याख्या शोधून सापडावयाची नाही, आणि ती एका सरकारी महामंडळाने छापील पासावर करून ठेवली आहे. शाळांच्या सहली निघतात त्या ठरल्या किल्ल्यावर, ठरल्या धरणावर, शिट्टीच्या तालावर. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण पन्नास मुलांची जबाबदारी शिरावर घेणाऱ्या शिक्षकाला शिट्टी लागतेच. पण अकरावी-बारावीच्या चार मुलींनी, एखाद्या शिक्षिकेला किंवा कोणाच्या मावशीला बरोबर घेऊन, हा पास काढावा; सटाण्याला उतरावे की पेठला हे गाडीत बसल्यावर ठरवावे; आणि घरच्यांनी ‘कशाला?’ असे न विचारता शिदोरी बांधून द्यावी, अशी कल्पना करून पाहण्यास हरकत नाही. ही कल्पना ऐकून ज्या घरांतून पहिला आक्षेप खर्चाचा निघेल, तेथे तो आक्षेप खराच आहे काय, हेही पाहावे.

एस. टी.च्या नाशिक विभागात पिंपळगावला स्वतंत्र आगार आहे. मार्चमधील परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या रिकाम्या दिवसांत तेथे ‘आवडेल तेथे’चा पास किती विद्यार्थ्यांनी मागितला आणि त्यांत मुली किती होत्या, हे कोणी तरी खिडकीवर जाऊन एकदा विचारावे.